सांगून घेतलेले चार डबे

अन्न खात्यात नोकरी केली असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. दूध कोणाकडचं घ्यावं आणि पनीर खावं की नाही. लग्नाच्या पंगतीत तर शेजारचा माणूस जिलबीचा तुकडा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहतो. मी खाल्ली की तो खातो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी ही फुकटची तपासणी चालूच आहे.

पण माझी खरी लढाई दुधाशी झाली नाही, पनीरशीही नाही. ती झाली रंगीत झाकणाच्या, सोनेरी अक्षरांच्या डब्यांशी. आत कसलीशी भुकटी आणि बाहेर हसणारं कुटुंब. एकदा या डब्यांनी मला तोंडावर पाडलं आणि एकदा मी त्यांना. जिंकलेली गोष्ट सांगायला मला मनापासून आवडतं, पण हरलेली सांगितल्याशिवाय ती कळायची नाही. तेव्हा थोडा धीर धरा.

आधी धंदा समजून घ्या. शक्तीची पावडर, उंचीची पावडर, सांध्यांची, साखरेची, केसांची, या सगळ्याला कायद्यात पूरक आहार म्हणतात. म्हणजे ते अन्न आहे. पोळीभाजीत काही कमी पडत असेल तर वरून घ्यायचं. अन्न आहे म्हणून ते आमच्या ताब्यात, आणि अन्न आहे म्हणूनच त्यानं रोग बरा होतो असं म्हणायला सक्त मनाई. डब्यावर परवान्याचा चौदा आकडी क्रमांक हवा, बॅच हवी, आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ ही ओळ हवी. ती ओळ असतेच. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात असते, पण असते. डबा आमच्यासमोर अगदी सोवळ्यात उभा असतो. ओवळं असतं ते विकणाऱ्याचं तोंड. ‘हे घ्या, दोन महिन्यांत गोळ्या बंद’ हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते सांगितलं जातं सभेत, ओसरीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर. आणि तोंडातून निघालेल्या शब्दाला लाखेचं सील कसं ठोकायचं, हे खात्याच्या प्रशिक्षणात कुणी शिकवत नाही.

लोणारला एका दुकानात मी उंचीवर्धक पावडर पकडली होती. तीन महिन्यांत चार इंच, असा पुठ्ठा दुकानदारानं स्वतः रंगवून दारात टांगलेला. दुकानदार बुटका, काउंटरमागे स्टुलावर उभा राहून व्यवहार करणारा. मी विचारलं, ‘‘तुम्ही स्वतः घेतली का ही?’’ तो मुळीच न लाजता म्हणाला, ‘‘घेतली ना म्याडम. पण मी लय उशिरा सुरू केली.’’ पुठ्ठा मी जप्त केला, नोटीस दिली आणि गाडीत बसल्यावर पोट धरून हसले. पुढे तो माणूस इतका सरळ झाला की नवा माल आला की मलाच फोन करून लेबल वाचून दाखवायचा. शेगावच्या एका व्यायामशाळेच्या मालकानं तर मला बोलावून प्रथिनांचा डबा तपासायला दिला. त्यात फुटाण्यांपेक्षाही कमी प्रथिनं निघाली. गड्यानं त्या दिवसापासून व्यायामशाळेत फुटाण्यांचं पोतं ठेवलं. अशी माणसं भेटली की या नोकरीवर जीव जडतो.

आता हरलेली गोष्ट.

आमच्याकडे नमुना घेण्याची एक रीत असते. हळद, तिखट, सुटं तेल असेल तर ते नीट ढवळायचं, एकजीव करायचं आणि चार स्वच्छ बाटल्यांत भरायचं. चारही बाटल्यांना कागद गुंडाळायचा, दोरा बांधायचा, लाख वितळवून पितळी शिक्का मारायचा. एक भाग प्रयोगशाळेत जातो, बाकीचे पुढच्या तक्रारीसाठी राखून ठेवतात. मी हे हजार वेळा केलं असेल. हात इतका बसला होता की डोकं वापरावंच लागत नसे, आणि तिथेच मी फसले. खामगावच्या एका दुकानात सांधेदुखीच्या भुकटीचे सीलबंद डबे सापडले. सीलबंद मालाचे डबे फोडायचे नसतात. एकाच बॅचचे न उघडलेले डबे जसेच्या तसे चार भागांत ठेवायचे असतात. मी मात्र सवयीनं पेपर पसरला, डबे फोडले, हळदीसारखी ती भुकटी छान एकजीव केली आणि चार बाटल्या भरल्या. अहवाल आला. भुकटीत शिसं होतं, तेही प्रमाणाबाहेर. मी खूश.

सुनावणीत कंपनीच्या वकिलानं फक्त एक प्रश्न विचारला. ‘‘मॅडम, शिसं कोणत्या बॅचमध्ये सापडलं?’’ मी फोडलेल्या डब्यांत दोन बॅचेस होत्या. मी त्या स्वतःच्या हातानं एकत्र कालवल्या होत्या. कंपनी सुटली. नुसती सुटली असती तर मी गिळलं असतं. त्यांनी तो निकाल मोठा करून सोनेरी चौकटीत बसवला, वर लिहिलं ‘सरकारी तपासणीत निर्दोष’, आणि सभासभांतून मिरवायला सुरुवात केली. माझ्या चुकीची जाहिरात झाली. माझ्या नावासकट. माझे मिस्टर म्हणायचे, विसर आता. मला विसरता येत नव्हतं. रागही यायचा आणि लाजही वाटायची, आणि त्या दोन्हीत लाज जास्त होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तीच कंपनी काही वर्षांनी साखरेच्या आजाराची भुकटी घेऊन आली. तिचं नाव इथे लिहायची सोय नाही. आपण चूर्ण म्हणू.

एका दुपारी बुलढाण्याच्या आमच्या कार्यालयात एक बाई आल्या. वय पन्नाशीचं, हातात कापडी पिशवी. वरवट बकालहून तीन एसट्या बदलून आल्या होत्या. नाव विमलबाई. नवरा-बायको मिळून भाजीपाला पिकवायचे. वांगी, मिरची, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर. पिशवीतून त्यांनी अर्धा संपलेला डबा काढून माझ्या टेबलावर आदळला.

‘‘म्याडम, यात काय हाय ते सांगा.’’

त्यांच्या नवऱ्याला, नामदेवभाऊंना, बरीच वर्षं साखरेचा आजार. सरकारी दवाखान्यातली गोळी चालू होती. गावात वसंतराव म्हणून एक गृहस्थ होते, शाळेत लिपिकाची नोकरी करून निवृत्त झालेले, गावाचे अर्जबिर्ज लिहून देणारे, कुणालाही नाही न म्हणणारे. त्यांनी हे चूर्ण आणलं. नामदेवभाऊंनी गोळी सोडून चूर्ण धरलं आणि साखर खरोखरच उतरली. झपाट्यानं उतरली. मग एक दिवस भाऊ वांग्याच्या वाफ्यात आडवे झाले. घामानं चिंब, तोंडाला कुलूप लागलेलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी साखर मोजली तर ती तळाला गेलेली. शिरेतून साखर चढवली तेव्हा माणूस शुद्धीवर आला.

‘‘डॉक्टरीणबाई म्हणे, गोळी सोडल्यावर साखर वाढाले पायजे, हे खाली कशी गेली? तुमच्या मालकानं कोनची गोळी घेतली? म्या म्हटलं, कोनचीच नाई. हे चूर्ण तेवढं. त्या डब्याकडे पाहून राह्यल्या नुसत्या. मंग म्हणे, बाई, हे घेऊन बुलढाण्याले जा.’’

ही फार हुशार मुलगी होती, ती डॉक्टरीण. तिच्या त्या एका प्रश्नात सगळं होतं. डब्यावर लिहिलेल्या कारलं, जांभूळ, मेथी यांच्या भुकटीनं माणूस असा आडवा होत नाही. आत कुणीतरी औषध मिसळलं होतं.

‘‘मग भाऊंनी बंद केलं ना चूर्ण?’’ मी विचारलं.

‘‘कायचं बंद! वसंतराव म्हणे त्या दिवशी एकादशी होती, उपासानं झालं. आन् यायले तेच खरं वाटते. कारण सांगू का म्याडम? येत्या महिन्यात शेगावले चूर्णवाल्यायची मोठी सभा हाय. तथी यायचा सत्कार हाय, चूर्णानं बरे झाले म्हणून. शाल, नारळ, फोटो. माह्या मालकाले जन्मात कोनं शाल देल्ली नाई. शालीपायी जीव द्याले तयार हायेत ते.’’

मी त्यांना समजावलं की फोडलेला डबा कायद्यात चालत नाही. कुणी त्यात काही मिसळलं असं वकील म्हणेल. नमुना मला सीलबंद घ्यावा लागेल.

‘‘तं घ्या ना मंग. वसंतरावाच्या कपाटात हायेत.’’

इथे माझी अडचण होती. मी वरवट बकालला दोनदा जाऊन आले होते आणि दोन्ही वेळा कपाट रिकामं निघालं होतं. कंपनीच्या विक्रेत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा फोटो फिरत होता, आमच्या गाडीच्या नंबरासकट. जिल्ह्यात आम्ही दोघंच अधिकारी, दुसऱ्याचाही फोटो होता. माझा फोटो निदान बरा निघाला होता. आम्ही तालुक्याच्या हद्दीत शिरलो की डबे भूमिगत.

हे सगळं ऐकून विमलबाई उठल्या. डबा पिशवीत टाकला. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

‘‘मंग म्याडम, माणूस मेल्यावर येऊ का?’’

त्या वाक्यानं मला खुर्चीतून उठवलं. मी त्यांना परत बसवलं, चहा मागवला आणि कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं. त्यात एक कलम आहे जे आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं आणि नंतर कुणी वापरत नाही. साधा ग्राहकसुद्धा विकत घेतलेली वस्तू सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अधिकाऱ्याची गरज नाही. दोष निघाला तर त्या अहवालावर खातं कारवाई करतं. अट एकच. वस्तू घेतानाच विक्रेत्याला सांगायचं की मी ही तपासायला देणार आहे. चोरून नाही, सांगून घ्यायची.

‘‘सांगितल्यावर तो काऊन देईन मले?’’ विमलबाईंनी बरोबर बोट ठेवलं.

म्हणूनच तर ते कलम कुणी वापरत नाही, असं मी म्हणाले. मग विमलबाईंनी विचारलं, ‘‘सभेत सांगितलं तं चालते का? माइकावर?’’

मी म्हटलं, ‘‘कायद्यात कुठे सांगायचं ते लिहिलेलं नाही.’’

‘‘सत्कार जोडीनं हाय म्याडम. मले बी बोलावलं हाय. ओटी भरणार हायेत माही.’’

आपल्याकडे सत्कार सपत्नीक असतो. बाई स्टेजवर येते, पदर सावरते, ओटी घेते, नमस्कार करते आणि गप्प खाली उतरते. आयोजकांनी एवढंच गृहीत धरलेलं असतं. त्या दिवसापासून मला सपत्नीक सत्कार या प्रकाराबद्दल अतोनात आदर आहे.

जायच्या आधी विमलबाईंनी मला एक गोष्ट दाखवली. पदराच्या गाठीत गुळाचे खडे होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, घाम फुटला की तोंडात गूळ घाला. शेतात, बाजारात, देवळात, जिथे नवरा तिथे त्या खडे घेऊन मागे. ‘‘त्यायच्या खिशात बी टाकून ठेवतो, त्यायले न सांगता,’’ म्हणाल्या. भाऊ वाफ्यात आडवे झाले तेव्हापासून या बाईनं गुळाच्या खड्यावर नवरा जिवंत ठेवला होता.

सभेच्या दिवशी मी शेगावात होते. सभागृहात शिरायची सोय नव्हती, दारावरच्या पोरींनी मला फोटोवरून ओळखलं असतं. समोर चहाचं हॉटेल होतं, तिथे तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसले. आपल्याकडे उन्हात निम्म्या बायका तशाच हिंडतात, त्यामुळे खात्याची हेर म्हणून मी अगदी शोभले. सभागृहाचे कर्णे बाहेर रस्त्यावर लावलेले, शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

कंपनीचे मुख्य वक्ते डॉक्टर म्हणवून घ्यायचे. डॉक्टर कशाचे, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. आवाज मात्र भारी होता. तासभर त्यांनी गोळ्यांची निंदा केली, मग लाभार्थ्यांचे सत्कार सुरू झाले. आणि मग, मला अपेक्षितच होतं, त्यांनी ती सोनेरी चौकट उचलली असणार, कारण टाळ्या पडल्या.

‘‘मित्रहो, सरकारनं आमचा माल तपासला! अधिकारीण बाई हरल्या! हा बघा निकाल! माझं आजही जाहीर आव्हान आहे. कुणीही यावं, कुठंही तपासून घ्यावं!’’

हॉटेलातल्या बाकावर माझे कान तापले. पण त्याच क्षणी मला कळलं की यानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. नामदेवभाऊंचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या. शाल, नारळ. भाऊ दोन वाक्यं बोलले, आवाज आनंदानं कापत होता. मग निवेदिका म्हणाली, आता वहिनींनी दोन शब्द सांगावेत.

कर्ण्यातून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग विमलबाई.

‘‘मी भाजी विकतो. माह्या वांग्याले कोनी कीड हाय म्हटलं, तं मी त्याच्यापुढं फोडून दाखवतो. डॉक्टरसाहेब आता म्हणे, कोनीबी तपासून घ्या. मले लय आवडलं. मले चार डबे द्या, एकाच नंबराचे, बिलावर. मी ते सरकारात तपासाले देणार हाय. सांगून घेऊन राह्यली, चोरून नाई.’’

हॉटेलवाल्यानं चहा गाळायचं थांबवलं. कर्ण्यातून नामदेवभाऊंचा दबका आवाज आला, ‘‘काय करून राह्यली वं तू?’’ मग मागून कुणीतरी बाप्या माणूस ओरडला, ‘‘द्या ना साहेब! भेता काय?’’ आणि सगळं सभागृह हसलं. डॉक्टरसाहेबांना आता नाही म्हणता येईना. चौकट अजून हातातच असेल बहुधा. हसून म्हणाले, ‘‘आनंदानं, ताई! आम्हाला कशाची भीती?’’ आणि मोठेपणाच्या भरात त्यांनी बिलावर बॅच क्रमांकाखाली ‘तपासणीसाठी’ असं लिहून खाली झोकात सही ठोकली. हे सगळं चित्रित करणारा कॅमेरा कंपनीचाच होता. संध्याकाळच्या आत तो व्हिडिओ कंपनीनंच सगळीकडे पाठवला, ‘आमचा प्रामाणिकपणा पाहा’ म्हणून. एवढा भक्कम पुरावा मला माझ्या साऱ्या नोकरीत कुणी आणून दिला नव्हता.

विमलबाई रस्ता ओलांडून आल्या तेव्हा त्यांच्या हातात चार डबे होते. मी बॅच क्रमांक एकदा पाहिला, दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा हॉटेलवाल्याकडून वाचून घेतला. चारही एकच. डबे फोडायचे नाहीत, असं मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं, तेव्हा हॉटेलवाला माझ्याकडे विचित्र बघायला लागला. वाऱ्यानं मेणबत्ती टिकेना, मग त्याच्या शेगडीवर लाख वितळवली. अर्ज विमलबाईंच्या नावानं, सही त्यांची. मी फक्त एक ओळ त्यांना सुचवली. प्रयोगशाळा विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देते. नुसतं ‘तपासा’ म्हटलं की ती प्रथिनं आणि राख तपासून मोकळी होते. म्हणून अर्जात लिहिलं, साखर उतरवणारं ॲलोपॅथिक औषध यात मिसळलं आहे का ते पाहावे. सोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी जोडली.

अहवालाला दोन आठवडे लागतात. ते दोन आठवडे मला जड गेले, तर विमलबाईंना कसे गेले असतील! नामदेवभाऊंनी बोलणं टाकलं. भर स्टेजवर बायकोनं इज्जत घालवली, असं गावात बोललं जात होतं. वसंतराव तर आजारी पडल्यासारखे झाले. आपल्यामुळे कुणाचं वाईट झालं का, एवढंच सगळ्यांना विचारत हिंडायचे. आणि भाऊ हट्टानं चूर्ण खातच होते, एक चमचा जास्तच. विमलबाई एक दिवसाआड फोन करायच्या. ‘‘आला का जी कागद?’’ नाही म्हटलं की, ‘‘बरं. आज सकाळी एकदा घाम आला होता. गूळ देल्ला,’’ म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. अहवाल निर्दोष आला तर या बाईनं गावात तोंड कसं दाखवायचं, हा विचार मला सोडायचा नाही. स्वतः हरणं मला सवयीचं होतं. तिला हरवणं मला सोसलं नसतं.

अहवाल आला तेव्हा मी तो उभ्यानंच वाचला. मग बसून वाचला. चूर्णात ग्लिमेपिराइड सापडलं होतं. साखर उतरवणारं औषध, डॉक्टरनं मोजूनमापून द्यायचं, आणि इथे चमच्यानं खाल्लं जात होतं. कुठल्या चमच्यात किती येईल याचा पत्ता नाही. मी टेबलावर हात आपटला तेव्हा शेजारच्या खोलीतून सगळे धावत आले. त्यांना वाटलं माझं काही झालं.

पुढची चक्रं भराभर फिरली. जिल्ह्यात विक्रीबंदीचा आदेश निघाला. औषध विभागाचे सहकारी कारखान्याकडे रवाना झाले. या वेळी वकिलाला बॅच विचारायची सोय नव्हती, कारण ती डॉक्टरसाहेबांच्याच सहीच्या बिलावर होती. पुढे परवाना गेला, खटला उभा राहिला आणि सोनेरी चौकट आमच्या मुद्देमालात जमा झाली. पण ते सगळं नंतर. अहवाल हातात पडला त्या दिवशी मी आधी वरवट बकाल गाठलं.

नामदेवभाऊ मिरचीला पाणी देत होते. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. विमलबाई बांधावर उभ्या, माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मी होकाराची मान हलवली. त्या मटकन खाली बसल्या.

‘‘भाऊ, तुमच्या चूर्णात गोळीचं औषध सापडलं,’’ मी म्हटलं.

‘‘मले फरक पडला होता,’’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले. ‘‘तुमी काईबी म्हणा.’’

‘‘पडणारच. औषधच होतं ते. दवाखान्यातली तुमची जुनी गोळी कोणती होती?’’

विमलबाई उठल्या, झोपडीतल्या फळीवरून धूळ बसलेली गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या. मी अहवालातल्या नावावर बोट ठेवलं. भाऊंना वाचता येत होतं. त्यांनी पट्टीवरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, मग कागदावरचं. मग पुन्हा पट्टीवरचं. पाण्याचा पाइप हातातून सुटला आणि वाफा फुटून पाणी वाटेवर आलं, तरी कुणी हललं नाही.

‘‘म्हणजे, जे सोडलं तेच खाऊन राह्यलो होतो मी?’’ ते हळूच म्हणाले. ‘‘आन् मोजमाप नाई?’’

‘‘मोजमाप नाही.’’

त्यांनी विमलबाईंकडे पाहिलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा पाहिलं असावं. ‘‘तू गूळ देत होती,’’ एवढंच बोलले आणि मग तो उंचापुरा माणूस बांधावर बसून रडला. मी मिरचीची झाडं बघत राहिले. माझेही डोळे झोंबत होते, आणि मिरचीला उगाच दोष कशाला द्या.

वसंतरावांच्या घरी आम्ही तिघं चालत गेलो. मला वाटलं होतं कपाट याही वेळी रिकामं असेल. वसंतरावांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. ‘‘माह्या बायकोले बी हेच देऊन राह्यलो होतो,’’ म्हणाले. मग आत गेले आणि धान्याच्या कोठीमागून, पलंगाखालून, देवघराच्या खणातून स्वतःच्या हातानं सगळे डबे काढून अंगणात रचले. कुठे कुठे दिले त्या घरांची नावंही सांगायला लागले, आणि माणसं ऐकून स्वतःच आपापले डबे घेऊन यायला लागली. कुणी भरलेला, कुणी अर्धा. एका म्हातारीनं तर रिकामा डबा आणला, ज्यात ती आता मीठ ठेवत होती.

आता पंचनामा. त्याला दोन पंच लागतात. साऱ्या नोकरीत पंच मिळवणं हे माझं सगळ्यात अवघड काम होतं. पंच म्हटलं की गर्दी विरघळते. कुणाचा बैल सुटलेला असतो, कुणाची एसटी निघालेली असते, कुणाला एकाएकी सही येत नसते. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या हातापाया पडून मी पंच उभे केले आहेत. मी सवयीनं, कुणाकडेही न बघता विचारलं, ‘‘पंच म्हणून दोघं पाहिजेत, कोण येतं?’’

‘‘लिवा माह्यं नाव,’’ नामदेवभाऊ म्हणाले. ‘‘पयलं लिवा.’’

मी वर पाहिलं. त्यांच्या मागे रांग लागली होती. वसंतरावांना पंच होता येणार नाही, माल त्यांच्याकडेच सापडला आहे, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. बाकीचे हटेनात. कायद्याला दोन सह्या पुरतात असं मी सांगून पाहिलं. ‘‘असू द्या ना जी, जास्तीच्या,’’ एक आजोबा अंगठ्याला शाई लावून तयारच होते. सह्या चालू राहिल्या. कागदाची खालची जागा संपली, बाजूचा समास संपला.

सगळ्यात शेवटी विमलबाई आल्या. कागद त्यांनी फिरवून फिरवून पाहिला, पुढच्या बाजूला कुठे बोटभर जागा उरली नव्हती.

‘‘म्याडम, मागून केली तं चालते का सही?’’

मी म्हटलं, ‘‘चालते.’’ आणि त्या अख्ख्या कोऱ्या पानावर, मधोमध, त्यांनी सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.